केळीला कलम लागत नाही : घरच्या घरी कलम आणि टिश्यू कल्चर

मृग लागला की भुसावळहून यावल-रावेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळीच्या रोपांनी भरलेल्या गाड्या दिसू लागतात. काळ्या पिशव्यांतली वीतभर-हातभर उंचीची रोपं, प्रत्येकाला चार-पाच पानं, सगळी एकाच मापाची. बांधावर, चहाच्या टपरीवर या दिवसांत हमखास कानावर पडणारा प्रश्न म्हणजे, "यंदा कंद लावले की टिश्यू?" ऊतिसंवर्धन हा पुस्तकी शब्द इथे कोणी वापरत नाही. खानदेशात ते सरळ 'टिश्यू' झालं आहे, इतकं ते आपल्या अंगवळणी पडलं आहे.

जे शेजारच्या शेतात रोज दिसतं ते स्वतःच्या हाताने करून पाहावं, असं अनेकांना वाटतं. गच्चीवर बाग करणाऱ्या गृहिणी, विज्ञान घेतलेली कॉलेजची मुलं, निवृत्त झालेले रेल्वे कर्मचारी, घरी चार खोडं असलेले शेतकरी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : हे घरी जमेल का? माझं उत्तर, जमेल. मात्र क्रम पाळला पाहिजे. आधी चाकू हातात घ्या, बाटली नंतर. ज्याचा हात कलमावर बसला त्याला बाटलीतलं काम कळायला वेळ लागत नाही, कारण दोन्हीकडे लागतं तेच : निरोगी मूळ झाड, स्वच्छ पातं, ओलावा आणि धीर.

केळीचं कोडं

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. आंब्याला कलम लागतं, बोराला लागतं, लिंबाला लागतं. मग केळीला का लागत नाही?

बोराची पेन्सिलएवढी फांदी घेऊन नखाने साल सोला. साल आणि पांढरं लाकूड यांच्यामध्ये एक निसरडा, हिरवट, ओलसर थर हाताला लागेल. याला कॅम्बियम म्हणतात. खोड जाड करणाऱ्या नव्या पेशी हाच थर तयार करतो. खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम करायचं त्याचा, हा थर आणि कलमकाडीचा हा थर एकमेकांना घट्ट टेकले, की जखम भरताना दोन्हीकडून मऊ पेशींचा गोळा वाढतो, एकमेकांत मिसळतो आणि रस वाहू लागतो. कलम लागणं म्हणजे एवढंच.

आता केळीचं खोड आडवं कापून पाहा. एकात एक गुंडाळलेली सोपटं दिसतील. सोलत गेलात तर शेवटपर्यंत सोपटंच निघतात. ज्याला आपण खोड म्हणतो ती पानांची गुंडाळी आहे, खरं खोड जमिनीखालचा कंद. केळी एकदल वनस्पती असल्यामुळे तिच्यात कॅम्बियमचा तो सलग थर नाही, म्हणून कलम नाही. शिवाय खाण्याच्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे रुजणारं बीही नाही. उरतो एकच मार्ग, कंद किंवा पिल.

शेकडो वर्षं काम कंदावर भागलं. पण कंदाबरोबर सूत्रकृमी येतात, सोंडकिडा येतो, विषाणू येतात. कंद लहान-मोठे, कमी-जास्त वयाचे असले की एक झाड आज निसवतं, शेजारचं दोन महिन्यांनी. ही अडचण बाटलीने सोडवली. १९९०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची, म्हणजे आपल्या 'जी-नाईन'ची, टिश्यू कल्चर रोपं ठिबकाच्या जोडीने शेतकऱ्यांच्या हाती दिली. बसराई, श्रीमंतीच्या जुन्या बागा अठरा महिने रेंगाळत, तिथे नवती केळी अकरा-बारा महिन्यांत कापणीला येऊ लागली. २०१६ साली जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या पिकाला कलम लागत नाही त्याच पिकाने खानदेशाला टिश्यू कल्चरचा देश बनवलं.

पहिला नियम : आपण नक्कल करतो आहोत

बी पेरलं की नवा जीव येतो. आईचे काही गुण, बापाचे काही. कलम आणि टिश्यू कल्चर या दोन्हींत तसं होत नाही. तिथे मूळ झाडाची हुबेहूब प्रत निघते. मूळ झाडाचा गोडवा येतो, तसा त्याचा रोगही येतो. म्हणून चाकू किंवा बाटली हातात घेण्याआधी मातृवृक्ष पारखणं हे अर्ध्याहून अधिक काम आहे.

झाड फळावर असताना पाहा, नुसत्या पाल्यावरून ठरवू नका. शक्य असेल तर दोन हंगाम पाहा. आवडलेल्या झाडाच्या बुंध्याला रंगाचा पट्टा ओढून ठेवा, वहीत नोंद करा. केळीच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहा. पानावर पिवळसर उभे पट्टे दिसत असतील, पानं आखडलेली, अरुंद असतील, तर तो सीएमव्ही हा विषाणूरोग, म्हणजे आपल्याकडचा 'हरण्या' असण्याची दाट शक्यता आहे. मावा हा रोग पसरवतो; काकडी, भोपळा, टोमॅटो, वांगी अशा पिकांतही तो राहतो. अशा खोडाचा कंद, पिल काहीही घेऊ नका.

"बाटलीत घातलं की रोप रोगमुक्त होतं," हा समज मनातून काढून टाका. बाहेरची बुरशी आणि जिवाणू धुतले जातात, पण पेशींच्या आत बसलेला विषाणू रोपाबरोबर वाढतो. एका रोगट पिलापासून शेकडो रोगट रोपं तयार होतात. म्हणूनच केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत सुरू केली. तिच्यात मातृरोपांची विषाणू तपासणी होते, रोपं हुबेहूब आहेत की नाहीत हेही तपासलं जातं. घरी ही तपासणी होत नाही. त्यामुळे घरच्या बाटलीतली केळी शिकण्यासाठी, कुंडीसाठी, परसासाठी आहे. दोन-चार एकरांची लागण प्रमाणित रोपांवरच करावी.

हात बसवण्यासाठी : बोराला डोळा

खानदेशात कलम शिकायला बोरासारखा गुरू नाही. जळगावच्या मेहरूणची बोरं आपल्या जिल्ह्याबाहेरही नावाजलेली आहेत, आणि त्याच वेळी बांधाबांधावर आंबट, बारक्या फळांची रानबोर उभी आहे. तिचं सोटमूळ खोल जातं, भुसावळच्या उन्हाळ्याला ती दाद देत नाही. खाली रानबोरीचं मूळ आणि वर मेहरूणचं फळ, यापेक्षा चांगली जोडी कुठली?

चैत्र-वैशाखात रानबोर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर कापा. पहिल्या पावसापर्यंत तिला जोमदार फुटवे येतात. त्यातले एक-दोन सरळ ठेवा, बाकी काढा. आषाढात ते पेन्सिलएवढे जाड झाले की डोळा भरायची वेळ आली. साल लाकडावरून सहज सुटत असेल तर ओळखा, रस चढला आहे.

फुटव्याच्या गुळगुळीत जागी इंग्रजी 'टी'च्या आकाराची चीर द्या : आडवी एक सेंटिमीटर, उभी अडीच सेंटिमीटर, खोली फक्त सालीपुरती. चांगल्या झाडाच्या यंदाच्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा डोळा सालीसकट काढा, मागचं लाकूड अलगद सोडवा. चिरेची साल दोन्हीकडून उचलून डोळा वरून खाली सरकवा आणि पातळ, ताणली जाणारी प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळा. डोळ्याचं टोक तेवढं उघडं राहू द्या. चिरा देण्यापासून पट्टी बांधण्यापर्यंत दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. कापलेली बाजू सुकली की संपलं.

पंधरा-वीस दिवसांनी डोळा हिरवा, टवटवीत असेल तर लागला. काळा पडून सुरकुतला असेल तर दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा. डोळा फुटू लागला की त्याच्या वरचा फुटवा कापा आणि खालून रानबोरीची येणारी प्रत्येक फूट दिसेल तेव्हा मोडा. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि दोन वर्षांनी म्हणतात, मेहरूणच्या झाडाला रानबोरं आली.

गुटी आणि कोय

चाकूची भीती वाटत असेल तर गुटी कलमाने सुरुवात करा. लिंबू, डाळिंब, पेरू यांना ते छान जमतं. पावसाळ्यात पेन्सिलएवढ्या निरोगी फांदीवरून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची सालीची कडी पूर्ण काढा, लाकडावरचा निसरडा थर पात्याच्या बोथट बाजूने खरवडून टाका. तो थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. वरच्या कापावर मुळं फुटण्याची पावडर लावा, ओलं करून पिळलेलं शेवाळ किंवा कोकोपीट मूठभर गुंडाळा, वर प्लॅस्टिक लपेटून दोन्ही टोकं घट्ट बांधा. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसतात. मुळं तपकिरी होऊ लागली की खालून कापून पिशवीत लावा.

आंब्यासाठी कोय कलम. कोकणात ते घराघरांत होतं, आपल्याकडे आषाढ-श्रावणातल्या दमट दिवसांत जमतं. कोय रुजून दहा-पंधरा दिवस झालेलं, तांबूस कोवळ्या पानांचं रोप घ्या. कोयीपासून चार बोटं वर कापून मधोमध उभी चीर द्या. तीन-चार महिन्यांच्या फांदीची काडी घ्या. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापलेली असावीत, म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. काडीचं खालचं टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवा आणि बांधा. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न बसवता एका कडेला बसवा, म्हणजे निदान एका बाजूचे थर तरी जुळतात.

वांग्यावर टोमॅटो

मुलांना बरोबर घेऊन करायचा प्रयोग म्हणजे वांग्यावर टोमॅटोचं कलम. दोन्ही एकाच कुळातली भाजी. वांग्याचं मूळ कणखर, पाणी साचलं तरी आणि जमिनीतून येणाऱ्या मर रोगापुढेही टोमॅटोपेक्षा तग धरणारं. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने याच पद्धतीने एकाच झाडाला वांगी आणि टोमॅटो आणून दाखवले, त्याला 'ब्रिमॅटो' नाव दिलं.

आपल्याकडे तर बामणोद-आसोद्याच्या भरिताच्या वांग्यांचं बी घराघरांत असतं. वांगं सावकाश वाढतं म्हणून ते टोमॅटोच्या चार-पाच दिवस आधी पेरा. दोन्ही रोपांची खोडं आगपेटीच्या काडीएवढी जाड झाली की नव्या ब्लेडने वांग्याचा शेंडा तिरका कापा, टोमॅटोची काडी त्याच कोनात कापा, दोन्ही काप एकमेकांवर टेकवून छोटी क्लिप किंवा बारीक चिरलेली शीतपेयाची नळी चढवा. कापलेल्या बाजूला बोट लावू नका.

यानंतरचे सहा-सात दिवस या प्रयोगाचा जीव आहेत. प्लॅस्टिकच्या पाच लिटरच्या बाटलीचं बूड कापून ती रोपावर घाला, आत पाण्याचा हलका फवारा द्या, कुंडी सावलीत ठेवा. पहिले दोन दिवस झाकण उघडूच नका. मग रोज थोडा वेळ, पुढे जास्त वेळ. आठव्या दिवशी दुपारीही टोमॅटोची पानं ताठ राहिली तर जोड लागली. ही बाटली लक्षात ठेवा. टिश्यू कल्चरच्या शेवटच्या पायरीला हीच पुन्हा लागणार आहे.

केळीसाठी मधला रस्ता : सोललेला कंद

थेट प्रयोगशाळेत उडी मारण्याआधी केळीची एक घरगुती युक्ती शिका. केळीच्या कंदावर प्रत्येक सोपटाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो. मधला शेंडा जिवंत असेपर्यंत तो बाकीच्यांना दाबून ठेवतो. शेंडा काढला की ते जागे होतात.

निरोगी बागेतलं तलवारीसारख्या अरुंद पानांचं, किलो-दीड किलो कंदाचं पिल घ्या. मुळं आणि माती साफ करा, कंदाचा वरचा काळा पापुद्रा तासा. आत तपकिरी बोगदे दिसले तर सोंडकिडा आहे, तो कंद फेकून द्या. चांगला असेल तर सोपटं एकेक करून सोला. प्रत्येक सोपटाखाली कंदावर फिकट, टोकदार डोळा दिसेल, तांदळाच्या दाण्याएवढा. मधला शेंडा चाकूने चार सेंटिमीटर खोल कोरून काढा. मोठ्या डोळ्यांवर फुलीच्या आकाराचा हलका काप द्या. कंद ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पाण्यात बुडवून धुतलेल्या लाकडी भुश्यात किंवा कोकोपीटमध्ये ठेवा, वर दोन बोटं थर द्या, सावलीत ओलसर ठेवा. महिन्या-सव्वा महिन्यात कोंब येतात. ते थोडे मोठे झाले की त्यांचाही शेंडा तसाच कोरला तर प्रत्येकाभोवती नवे कोंब फुटतात. दोन-तीन पानं आणि मुळं आली की सोडवून पिशवीत लावा. नवख्या हाताने एका कंदातून दहा-पंधरा रोपं निघाली तरी खूप झालं.

टिश्यू कल्चरमध्ये घडतं ते हेच. फक्त तिथे भुश्याऐवजी खळीसारखं अन्न असतं आणि शेंडा कोरण्याचं काम संप्रेरक करतं.

आता बाटली

१९०२ साली गॉटलीब हाबरलांट या शास्त्रज्ञाने मांडलं की वनस्पतीच्या एकेका पेशीत पूर्ण झाड होण्याची ताकद असावी. त्याच्या हातून ते सिद्ध झालं नाही, पण दिशा मिळाली. १९६२ साली तोशिओ मुराशिगे आणि फोल्क स्कूग या दोघांनी तंबाखूवर काम करताना अन्नमाध्यमाची एक पाककृती ठरवली. आज जगभरच्या प्रयोगशाळा तीच 'एमएस माध्यम' नावाने वापरतात. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर बाटलीतल्या बांबूला फुलं आली; एरवी त्यासाठी दशकं थांबावं लागतं. रजनी नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम १९९० साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं.

घरी पहिला प्रयोग केळीवर करू नका. फुलकोबीवर करा. तिच्या गड्ड्यात वाढीचे असंख्य कोंब दाटीवाटीने बसलेले असतात, त्यामुळे ती लवकर दाद देते.

माध्यम एक लिटरसाठी : एमएस पावडर साधारण साडेचार ग्रॅम (पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा), साखर ३० ग्रॅम, अगर ७ ते ८ ग्रॅम, बीएपी हे संप्रेरक १ ते २ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून बीएपीचं तयार द्रावण घ्या. पाणी शुद्ध, बॅटरीत घालतात तसं डिस्टिल्ड. पीएच पट्टीने तपासा, ५.७ ते ५.८ हवा. जास्त असेल तर व्हिनेगरचा थेंब, कमी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब. अगर विरघळेपर्यंत उकळा, काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत दोन बोटं ओता, झाकणं सैल लावा. सोबत दोन बाटल्या नुसतं पाणी भरून ठेवा, धुण्यासाठी लागतं.

आता प्रेशर कुकर. तळाशी जाळी आणि तीन बोटं पाणी ठेवून बाटल्या उभ्या करा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. कुकर आपोआप थंड होऊ द्या. घाईने वाफ सोडली तर माध्यम उतू जातं. थंड झाल्यावर झाकणं घट्ट करा आणि बाटल्या तीन दिवस तशाच ठेवून पाहा. ज्यात काही उगवलं नाही त्याच वापरा.

काम करण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा डबा आडवा करा, पुढच्या बाजूला हात जातील अशी दोन भोकं पाडा. हवेत धूळ असते आणि धुळीवर बुरशीचे बीजाणू असतात. डब्यात हवा थांबली की ते खाली बसतात. पंखा बंद, खिडक्या बंद, केस बांधलेले, तोंडाला मास्क. डबा आतून ७० टक्के अल्कोहोलने पुसा. अल्कोहोल पूर्ण वाळल्याशिवाय, हात कोरडे झाल्याशिवाय स्पिरिटचा दिवा पेटवू नका. डब्याच्या आत तर ज्योत न्यायचीच नाही. चिमटा बाहेर ज्योतीवर तापवा, थंड होऊ द्या, मग आत न्या.

फुलकोबीचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे साबणाच्या थेंबासह वाहत्या पाण्यात धुवा. अर्धा मिनिट ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. मग सोडियम हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग अशा द्रावणात दहा-बारा मिनिटं हलवत ठेवा. हे द्रावण संडास साफ करण्याच्या ॲसिडजवळ किंवा कुठल्याही आम्लाजवळ नेऊ नका, विषारी वायू सुटतो. शेवटी डब्यात, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन प्रत्येक बाटलीत एकच तुकडा ठेवा. एकच, कारण एक तुकडा सडला तर बाकीचे वाचतात.

बाटल्या एलईडी ट्यूबखाली सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार अशा ठेवा. दहाएक दिवसांत पांढरा तुकडा हिरवा होऊ लागतो, पुढे त्यातून बारीक पानं उमलतात. बाटली डोळ्यांशी धरून काचेतून पाहा. मुगाएवढ्या तुकड्यावर हिरव्या मण्यांची रांग दिसते. ते पाहिल्यावर सगळ्या खटाटोपाचं चीज झाल्यासारखं वाटतं.

सगळ्याच बाटल्यांत असं होत नाही. तीन ते सात दिवसांत कापसासारखी वाढ दिसली तर बुरशी. तुकड्याभोवती दुधाळ चिकटा आला तर जिवाणू. अशी बाटली उघडू नका. झाकण लावलेलीच कुकरमध्ये पुन्हा शिजवा आणि मगच रिकामी करा. पहिल्या खेपेला दहातल्या सहा-सात बाटल्या गेल्या तरी खचू नका. कोणत्या पायरीला चूक झाली हे वहीत लिहा. तुकड्यावर बुरशी आली तर धुणं कमी पडलं, माध्यमावर दुसरीकडेच आली तर हवा किंवा हात.

फुलकोबी दोनदा जमली की केळीकडे या. तलवार पिलाची सोपटं सोलत अंगठ्याएवढा गाभा उरवा, निर्जंतुक करा, पुन्हा एक-दोन थर काढा. बीएपी ३ ते ५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवा. केळीचा काप काळा पडतो, कारण तिच्या चिकात फिनॉल असतात. लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड घाला आणि काळं पडलं की तुकडा ताज्या माध्यमावर हलवा. कोंब वाढल्यावर मुळांसाठी बीएपी वगळून आयबीए हे मुळं फुटवणारं संप्रेरक एक मिलिग्रॅमच्या आसपास घातलेलं माध्यम वापरा. एकाच पिलापासून अनंत काळ कोंब काढत बसू नका. जितक्या वेळा विभागणी, तितकी रोपात विकृती येण्याची शक्यता, म्हणून व्यावसायिक प्रयोगशाळाही सातआठ फेऱ्यांनंतर नवं पिल घेतात.

भुसावळचं ऊन

पुस्तकात लिहिलेलं असतं, तापमान २५ अंश ठेवा. भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. घराच्या आतही ३५-३८ असतं. त्या उष्णतेत बाटल्यांतले कोंब काचेसारखे पारदर्शक, पाणचट होऊन विरघळतात. एका उन्हाळ्यात माझ्या अकरा बाटल्या अशाच गेल्या. त्यात बुरशीचा ठिपकाही नव्हता, चूक माझ्या वेळापत्रकाची होती. तेव्हापासून मी एक नियम पाळते : बाटलीचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, डोळे आणि गुटी पावसाळ्यात. उन्हाळा खुंट तयार करण्यासाठी आणि मातृवृक्ष निवडण्यासाठी. असं केलं की वर्ष आपोआप भरतं आणि एअर कंडिशनरचा खर्च पडत नाही.

बाटलीतून रोप बाहेर काढणं ही शेवटची आणि सर्वांत नाजूक पायरी. आत शंभर टक्के दमटपणात वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नसतो, त्यांची छिद्रं नीट मिटत नाहीत. थेट हवेत आणलं तर तासाभरात माना टाकतात. मुळांवरचं सगळं अगर कोमट पाण्याने धुवा, कारण उरलेल्या साखरेवर बुरशी येते. कोकोपीटमध्ये लावून तीच बूड कापलेली बाटली वर घाला. पहिला आठवडा झाकलेलं, मग रोज थोडं उघडं. महिन्या-दीड महिन्यानंतर पिशवीत, पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली आणखी दीड-दोन महिने. शेतात किंवा मोठ्या कुंडीत त्यानंतरच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरी केलेली कलमं शेजाऱ्यांना द्या, लेकीच्या सासरी पाठवा, शाळेच्या आवारात लावा. विकायची असतील तर महाराष्ट्रात फळरोपांच्या विक्रीसाठी १९६९च्या रोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा. आणि आपण तपासणी न केलेली केळीची रोपं शेतकऱ्याला कधीच देऊ नका. एका रोगट रोपापासून मावा अख्ख्या शिवारात रोग नेतो आणि त्या शेतकऱ्याचं वर्ष त्यात जातं.

येत्या आठवड्यात एवढंच करा : एक वही घ्या, पहिल्या पानावर तारीख टाका आणि तुमच्या गल्लीतलं, बांधावरचं, माहेरच्या परसातलं जे झाड तुम्हाला सर्वांत आवडतं त्याचं नाव लिहा. त्या झाडाजवळ जाऊन पानं उलटी करून पाहा, बुंधा पाहा, फळ कधी येतं ते घरच्यांना विचारा. उरलेलं सगळं, चाकू आणि बाटली, त्या झाडापासूनच सुरू होतं.